कव्हरवर एकच नाव

(आमच्या गटाच्या दोन दिवसांच्या कार्यकर्ता-शिबिरात रात्रीच्या सत्रात केलेलं हे भाषण. मधूनमधून गाणी ऐकत बोलणं झालं. मैत्रिणींच्या आग्रहावरून ते थोडं आवरून इथे देत आहोत.)

दिवसभर आपण अर्ज, जबाब, पोटगी, ताबा यांवर बोलत होतो. डोकी जड झाली आहेत. संध्याकाळी चहाच्या वेळी मला सांगण्यात आलं, "ताई, रात्री काहीतरी हलकं घ्या." म्हणून मी गाणी घेऊन आले आहे. पण ती हलकी आहेत असं मात्र कबूल करत नाही.

ही कॅसेट पाहा. माझ्याकडे ती १९९० च्या आसपास आली. आता ती वाजवणारं यंत्र घरात चालत नाही, त्यामुळे गाणी भाचीच्या फोनवरून ऐकू. कॅसेट आणली ती कव्हर दाखवण्यासाठी. हातोहात फिरवा. 'टीना लाइव्ह इन युरोप', साल १९८८. गायिका टीना टर्नर. अमेरिकेतली काळी गायिका, रॉक संगीताची राणी म्हणून जगाने जिला डोक्यावर घेतलं ती. २४ मे २०२३ रोजी स्वित्झर्लंडमध्ये, वयाच्या ८३ व्या वर्षी ती वारली. आपल्यातल्या काहींनी तिच्यावरचा सिनेमा पाहिला असेल, काहींनी नावही ऐकलं नसेल. काही बिघडत नाही. मला गाण्यातलं फारसं कळतं असंही नाही. मी आपल्यासारखीच सल्ला केंद्रात बसणारी बाई.

'लाइव्ह' म्हणजे काय, ते आधी सांगते. स्टुडिओत दहादा गाऊन, चुका काढून टाकून बनवलेलं हे गाणं नव्हे. हजारो लोकांसमोर गाताना केलेलं ध्वनिमुद्रण. धाप लागलेली ऐकू येते, लोक ओरडतात ते ऐकू येतं. ही गाणी १९८५ ते १९८७ या काळात तिच्या युरोपातल्या दौऱ्यांत आणि लंडनच्या एका छोट्या नाट्यगृहातल्या कार्यक्रमात टिपली आहेत. सीडीच्या आवृत्तीत २८ गाणी आहेत. १९८९ मध्ये याच अल्बमसाठी तिला रॉक गायिकेचं ग्रॅमी पारितोषिक मिळालं.

आणि हा तिचा पहिला लाइव्ह अल्बम समजला जातो. तेव्हा ती ४८ वर्षांची होती.

इथे तुम्ही मला अडवायला हवं. कारण याआधी तिच्या प्रत्यक्ष कार्यक्रमांच्या रेकॉर्डी निघालेल्याच होत्या! १९६५ मध्ये एक, १९६९ मध्ये एक, १९७१ मध्ये न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमधली एक, त्याच वर्षी पॅरिसमधली आणखी एक. त्या सगळ्यांत गळा हिचाच, घाम हिचाच. मग १९८८ चा अल्बम पहिला कसा? तर त्या जुन्या रेकॉर्डींवर नाव होतं 'आइक अँड टीना टर्नर'. आधी नवऱ्याचं, मग हिचं. एकटीचं नाव असलेला लाइव्ह अल्बम हा पहिला. तेवीस वर्षं मध्ये गेली. आजचं माझं बोलणं या तेवीस वर्षांबद्दल आहे.

तिचं मूळ नाव अ‍ॅना मे बुलॉक. जन्म २६ नोव्हेंबर १९३९. टेनेसी राज्यातल्या नटबुश नावाच्या खेड्यात वाढली, कापसाच्या शेतात काम केलं. आई मार खाऊन कंटाळून घर सोडून गेली, तेव्हा ही अकरा वर्षांची. आजीने सांभाळलं. पुढे सेंट लुइस शहरात आइक टर्नरच्या बँडमध्ये गाऊ लागली, तेव्हा सतरा वर्षांची होती. १९६० मध्ये आइकने लिहिलेलं एक गाणं रेकॉर्ड व्हायचं होतं, ठरलेला पुरुष गायक आलाच नाही, म्हणून ते हिने गायलं. गाणं गाजलं. रेकॉर्ड बाहेर आली, त्यावर छापलं होतं: आइक अँड टीना टर्नर.

ही टीना कोण? हीच! तिला न विचारता आइकने तिचं नाव बदललं होतं. त्यांचं लग्नसुद्धा तेव्हा झालेलं नव्हतं, आडनाव आधीच लावून टाकलं. आणि नुसतं ठेवलं नाही, त्या नावाची व्यापारी नोंदणी स्वतःकडे करून घेतली. हेतू उघड होता. ही उद्या निघून गेली, तर दुसरी मुलगी उभी करायची आणि तिला टीना म्हणायचं. नाव मालकाचं, त्यात कुठलीही बाई बसवता येते.

तुम्ही हसलात. का हसलात ते मला माहीत आहे. तांदळाचं ताट, अंगठी आणि नवं नाव हे आपल्यापैकी किती जणींनी पाहिलंय? मी माझंच सांगते, लग्नानंतर वर्षभर बाजारात कुणी नव्या नावाने हाक मारली तर मी वळून पाहत नसे. लोकांना वाटायचं, सून गर्विष्ठ आहे.

पुढची सोळा वर्षं तिने त्या नावाखाली काम केलं. गाणी कोणती घ्यायची, किती कार्यक्रम करायचे, पैसे कोणी ठेवायचे, सगळं आइकच्या हाती. तिला वेगळा पगार नव्हता. मारहाण नेहमीची होती. १९६८ मध्ये तिने झोपेच्या गोळ्या घेऊन जीव द्यायचा प्रयत्न केला. जबडा मोडलेला असतानाही आपण स्टेजवर गायलो आहोत, असं तिने नंतर सांगितलं.

आता एक गंमत ऐका, म्हणजे खरं तर गंमत नाही. १९६६ मध्ये फिल स्पेक्टर नावाच्या निर्मात्याने तिच्याकडून 'रिव्हर डीप, माउंटन हाय' हे गाणं गाऊन घेतलं. आइक मध्ये मध्ये करेल म्हणून त्याला पैसे देऊन स्टुडिओबाहेर ठेवण्यात आलं. त्या गाण्यात आइकचा सूर नाही, वाद्य नाही. तरी रेकॉर्डवर काय छापलं? आइक अँड टीना टर्नर. जो आत पाऊलही टाकत नाही त्याचं नाव पहिलं. शेतात दिवसभर बाई, सातबाऱ्यावर बाप्या, हे काही फक्त आपल्याकडचं नाही.

(इथे १९७१ च्या कार्नेगी हॉलमधल्या रेकॉर्डवरचं 'प्राउड मेरी' ऐकवलं.)

कसं वाटलं? आवडलं ना? लोक कसे वेडे झालेत ऐकलंत? मलाही फार आवडतं. पण मैत्रिणींनो, या आवाजातून तुम्हाला मार ऐकू आला का? मला नाही आला. त्या सभागृहातल्या कुणालाही आला नसेल. लोकांना दिसली ती भन्नाट नाचणारी, गाणारी बाई. आपण म्हणतो ना, "ती तर नोकरी करते, चारचौघांत हसते, तिला कसला त्रास?" हे वाक्य जेव्हा जेव्हा तोंडावर येईल, तेव्हा ही रेकॉर्ड आठवा. बाई काम उत्तम करते, एवढंच त्यातून सिद्ध होतं. घरी काय चाललंय ते टाळ्यांत ऐकू येत नसतं.

जुलै १९७६ मध्ये डॅलस शहरात ती पळाली. विमानतळावरून हॉटेलकडे जाताना गाडीतच मारामारी झाली होती, या वेळी तिने उलट हात उगारला होता. आइक झोपल्यावर ती निघाली, रहदारीचा मोठा रस्ता ओलांडून पलीकडच्या दुसऱ्या हॉटेलात गेली. जवळ होते ३६ सेंट आणि पेट्रोलपंपावर चालणारं एक कार्ड. वयही तेव्हा ३६ च होतं. सूज आलेल्या तोंडाने तिने व्यवस्थापकाला खरं सांगितलं आणि त्याने खोली दिली. त्या काळात अमेरिकेतही मार खाल्लेल्या बायकांसाठी आसरा-घरं नुकती कुठे सुरू होत होती. म्हणजे सगळी भिस्त त्या रात्री भेटणारा माणूस कसा निघतो यावर.

घटस्फोट १९७८ मध्ये झाला. आणि इथे माझ्या बोलण्याचा खरा मुद्दा येतो. ती राहत होती त्या कॅलिफोर्नियाच्या कायद्याप्रमाणे लग्नानंतर मिळवलेल्या मालमत्तेत नवरा-बायकोचा निम्मा-निम्मा हक्क. स्टुडिओ होता, जमीनजुमला होता, गाण्यांच्या प्रकाशनाचे हक्क होते. तिने ते बहुतेक सगळं सोडलं. दोन गाड्या, दागिने, कपडे आणि स्वतः लिहिलेल्या गाण्यांचं लेखिका म्हणून मिळणारं मानधन एवढं राहिलं. उलट रद्द झालेल्या कार्यक्रमांची देणी अंगावर आली. तिने हट्टाने मागितलं ते एकच: टीना टर्नर हे नाव.

पहिल्यांदा हे वाचलं तेव्हा मी चिडले होते. वाटलं, बाई गं, ज्याने हे नाव तुझ्यावर लादलं, ज्याच्या आडनावाने तू जखडली गेलीस, तेच मागतेस? अ‍ॅना मे हो ना पुन्हा! आपल्या गटात तेव्हा माहेरचं नाव परत लावायची चर्चा जोरात होती, त्यामुळे माझं मत अगदी ठाम होतं.

ते मत मोडलं आमच्या केंद्रात आलेल्या एका बाईने. नावगाव सांगत नाही. शेवया-पापडांचा तिचा चांगला धंदा होता. धंद्याला नाव नवऱ्याचं, पाकिटावर फोटो सासऱ्यांचा. पहाटे चारला उठून पीठ कालवणारी ही. मारामुळे शेवटी ती भावाकडे आली. मी तिच्यासाठी यादी करत होते: दागिने, भांडी, कपाट, गॅस. सगळं स्त्रीधन नीट लिहिलं. ती म्हणाली, "ताई, भांड्यांचं मागनं बघू. मला आधी माझी वही पाहिजे." कसली वही? गिऱ्हाइकांची! कुणाकडे किती जातं, कुणाला तिखट लागतं, कुणाकडे लग्न आहे, दहा वर्षांचं सगळं त्या शंभरपानी वहीत होतं. मी म्हटलं, अहो, कोर्टात वहीची काय किंमत? ती म्हणाली, "कोर्टात नसंल. पन पोट त्यावरच चालनार हाये ना?"

वही मिळाली. भांडी मिळायला तीन वर्षं लागली.

तेव्हा मला टीनाचं कळलं. पंधरा-सोळा वर्षं गाऊन जी कमाई झाली होती, ती त्या नावात साठली होती. लोक टीना टर्नरला ऐकायला येत होते, अ‍ॅना मेला कुणी ओळखत नव्हतं. नाव त्याने दिलेलं असेल, पण त्यातली किंमत हिच्या गळ्याने भरलेली. ती वही होती तिची.

पण मैत्रिणींनो, एक चूक आपण करू नये. "तिने सगळं सोडलं, केवढी मोठी!" असं म्हणत आपण भारावून जातो. मला हे कौतुक धोक्याचं वाटतं. तिने सोडलं, कारण भांडण लांबलं असतं आणि तिला जिवाची भीती होती. तो तिच्यावर झालेला अन्यायच होता, त्याग म्हणून त्याची आरती ओवाळायचं कारण नाही. आपल्याकडे २००५ च्या कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्याने आर्थिक छळ हीसुद्धा हिंसा मानली आहे. राहत्या घरात राहण्याचा हक्क दिला आहे, स्त्रीधन परत मागता येतं. वहीही मागायची आणि भांडीही मागायची. "मला त्याचं काही नको" हे वाक्य बाई थकून बोलत असते. आपण ते लगेच अर्जात उतरवून घेऊ नये. दोन दिवस थांबावं आणि पुन्हा विचारावं.

आणि पुढचं सोपं गेलं असंही समजू नका. चार मुलं होती, दोन तिची, दोन आइकच्या आधीच्या संसारातली, सगळी तिच्याकडे. मैत्रिणींच्या घरी राहिली, बदल्यात त्यांच्या घरची साफसफाई केली. सरकारी मदतीच्या कूपनांवर अन्नधान्य आणलं. हॉटेलांतून, छोट्या क्लबांतून गायली आणि देणी फेडली. १९८१ मध्ये एका साप्ताहिकाच्या मुलाखतीत तिने मारहाणीबद्दल पहिल्यांदा उघड सांगितलं. पळून आल्यानंतर पाच वर्षांनी! आपल्याकडे येणारी बाई पहिल्या भेटीत सगळं सांगत नाही म्हणून रागावणाऱ्या मैत्रिणींनी हा आकडा लक्षात ठेवावा. १९८४ मध्ये 'प्रायव्हेट डान्सर' हा अल्बम आला आणि ४४ व्या वर्षी ती जगभर गाजली. १९८६ मध्ये आत्मचरित्र आलं. जानेवारी १९८८ मध्ये ब्राझीलमधल्या रिओ शहरात सुमारे एक लाख ऐंशी हजार लोक तिकीट काढून तिला ऐकायला आले. त्यानंतर दोनच महिन्यांनी ही कॅसेट बाजारात आली.

आता तिच्या मागचं कव्हर वाचा. कोण कोण आहेत? डेव्हिड बोवी, एरिक क्लॅप्टन, ब्रायन अ‍ॅडम्स, रॉबर्ट क्रे. सगळे पुरुष, सगळे नावाजलेले. पण ते पाहुणे आहेत! येतात, तिच्याबरोबर एक-दोन गाणी गातात आणि जातात. यजमान ती. त्यांना ती हसतखेळत सामावून घेते. तिला पुरुषांबरोबर गायचं नव्हतं असं कधीच नव्हतं. कुणाच्या हाताखाली गायचं नव्हतं.

गाणीही पाहा. 'रिव्हर डीप, माउंटन हाय' यात आहे. बावीस वर्षांनी त्याच गाण्यावर तिचं एकटीचं नाव आलं. १९७३ मध्ये स्वतःच्या गावावर तिने स्वतः लिहिलेलं 'नटबुश सिटी लिमिट्स' आहे. बीटल्सचं 'हेल्प!' आहे. मूळ गाणं पळत्या चालीचं, हिने ते संथ केलंय, इतकं की मदत मागणं म्हणजे काय ते त्या गतीतच कळतं. सॅम कुकचं 'अ चेंज इज गॉना कम' आहे. १९६४ मधलं हे गाणं काळ्या लोकांच्या नागरी हक्कांच्या लढ्यातलं. कापसाच्या शेतातून आलेल्या बाईने ते गाणं, याला वेगळं वजन आहे. ती बाई म्हणून सोसत होती आणि काळी म्हणूनही. हे दोन्ही आपण विसरता कामा नये. आपल्या केंद्रात येणारी बाईसुद्धा नुसती बाई नसते, तिला जात असते, वस्ती असते.

आइकचं काय झालं, असं मघाशी कुणीतरी विचारलं. २००७ मध्ये तो वारला. त्याआधी, १९९९ मध्ये, त्यानेही आत्मचरित्र लिहिलं. त्यात थपडा मारल्याचं तो कबूल करतो, ठोसे लगावून खाली पाडल्याचंही. पण आपण तिला कधी मारहाण केली नाही, असंही म्हणतो! आपल्या समोरच्या खुर्चीत बसून "मारलं नाही हो मॅडम, दोन चापट्या दिल्या" म्हणणारे आठवले ना? आणि त्या पुस्तकाच्या शीर्षकाचा अर्थ काय असावा? 'माझं नाव परत घेताना'! नाव गेल्याचं दुःख त्याला झालं. दुसऱ्याचं नाव आपण घेऊन बसलो होतो, याचं नाही.

आणखी एकच गोष्ट. अमेरिकेत रॉक संगीतातल्या मोठ्या कलावंतांचा सन्मान करणारी एक संस्था आहे, 'रॉक अँड रोल हॉल ऑफ फेम'. १९९१ मध्ये तिथे हिचा समावेश झाला, पण आइकबरोबर, जोडीने. एकटीच्या नावाने झाला तो २०२१ मध्ये. तेव्हा ती ८१ वर्षांची होती. म्हणजे कॅसेटच्या कव्हरवर जे १९८८ मध्ये झालं, ते मानसन्मान देणाऱ्यांच्या वहीत उतरायला आणखी तेहेतीस वर्षं लागली.

सगळ्या बायका टीना टर्नर होणार नाहीत. तिच्याजवळ तो गळा होता. मी आपल्याला ही गोष्ट "जिद्द असली की सगळं होतं" हे सांगायला सांगितली नाही. तसं असतं तर आपल्या केंद्रांची गरजच नव्हती. मला एवढंच सुचवायचं आहे की, आपल्या अर्जात एक प्रश्न वाढवू या. आपण विचारतो, नवरा काय करतो, घर कुणाच्या नावावर, दागिने किती. त्याखाली लिहू या: "तुमचं पोट कशावर चालतं किंवा चालू शकेल, आणि ते सध्या कुणाच्या नावावर आहे?" शिलाई मशीन असेल, टपरीचा परवाना असेल, दुधाचं खातं असेल, मोबाईलचा नंबर असेल, गिऱ्हाइकांची वही असेल. आपल्याला क्षुल्लक वाटेल. बाईला विचारा, तिला ते बरोबर माहीत असतं. उद्या सकाळच्या सत्रात यावर बोलू.

आता 'प्राउड मेरी' पुन्हा ऐकू, या कॅसेटमधलं, १९८८ च्या अल्बमवरचं. मघाच्या रेकॉर्डमध्ये सुरुवातीला मागून एक जाड पुरुषी आवाज साथ करत होता, तो आइकचा. आता तो नाही. तीच संथ सुरुवात आहे, आणि पुढे गती कधी वाढवायची हे तीच ठरवते. ते कळेल तुम्हाला.

चला, सतरंज्या गुंडाळा आणि उठा. हे गाणं बसून ऐकायचं नसतं.